ट्रॅक घेण्याआधी पुढची गाडी ठरवा

तुमच्या पत्राचा सारांश असा: उत्तर मिनेसोटात केबिन आहे, हिवाळ्यात शेवटच्या मैलभर रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही, आणि तुमच्या २०१९ च्या पोलारिस रेंजरला (कच्च्या रस्त्यावर चालणारी छोटी गाडी) बर्फात चालण्यासाठी चाकांऐवजी चार रबरी ट्रॅक, म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे, बसवायला डीलरने ६,४५० डॉलर सांगितलेत. ट्रॅक ५,६००, ते गाडीला जोडणारं माउंट किट ४५०, बाकी मजुरी. क्रेडिट कार्डावर ४,००० डॉलरचं कर्जही आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय की दोन वर्षांत गाडी बदलायची आहे, बहुधा कॅन-ॲम या दुसऱ्या कंपनीची घ्याल. माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे.

पैसे अडकतात ते इथे. माउंट किट गाडीचं मॉडेल आणि वर्ष पाहूनच घ्यावं लागतं, कारण हबचे (चाक जिथे बसतं त्या भागाचे) बोल्ट, ए-आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) आकार, ट्रॅक पुढेमागे जास्त झुकू नये म्हणून लावलेला आर्म, हे सगळं गाडीगणिक बदलतं. गाडी बदलली की जुन्या किटचा उपयोग संपला. ट्रॅक मात्र पुढच्या गाडीला चालू शकतात, पण कंपनी त्या गाडीचं किट देत असेल तरच. पोलारिसचे प्रॉस्पेक्टर नावाचे ट्रॅक पोलारिससाठीच आहेत; इतर काही कंपन्या अनेक गाड्यांसाठी किट देतात. तुम्हाला जे मॉडेल घ्यायचंय त्याचं किट मिळतं का, हे डीलरकडून लेखी घ्या.

ट्रॅक जड असतात. सीव्हीटी बेल्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा), ॲक्सल आणि व्हील बेअरिंगवर ताण येतो, पेट्रोलही जास्त लागतं. त्यासाठी वर्षाला पाचेकशे डॉलर बाजूला धरा. वॉरंटीबद्दलही विचारून ठेवा.

आता क्रेडिट कार्डाचं. ४,००० डॉलरच्या कर्जावर २२ टक्के, म्हणजे वर्षाला ८८० डॉलर नुसतं व्याज. ते डोक्यावर असताना मी ही खरेदी करू देणार नाही, अगदी मनापासून सांगतोय. आधी कार्ड फेडा. पाच-सहा वीकेंडसाठीच जाणार असाल, तर यंदा बर्फ काढणाऱ्या माणसाकडून फेरीचा दर घ्या. ते बहुधा स्वस्त पडेल.

वसंतात वापरलेले ट्रॅक विक्रीला येतात, तेव्हा बघा. गाडी जॅकवर उचलून ट्रॅकच्या आतलं प्रत्येक छोटं चाक हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात झिजून टोकदार झाले असतील आणि रबराच्या आतल्या बाजूला भेगा दिसत असतील, तर कितीही स्वस्त असला तरी तो सेट घेऊ नका.