पुन्हा रिंगमध्ये उतरण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तीन वर्षं ग्लोव्ह्जना हात न लावलेली राज्य विजेती पुन्हा राज्य विजेती होऊ शकते का, असं तू विचारलंस. होऊ शकते, आणि तू होशील असं मला मनापासून वाटतं. पण ५१ किलोची, तीनही राउंड पायांवर नाचत जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारणारी ती जुनी मुलगी परत येईल, असं धरून चालू नकोस. आता तुला वेगळी बॉक्सर व्हावं लागेल.

जॉर्ज फोरमनचं बघ. १९७४ मध्ये किन्शासाला मोहम्मद अलीने त्याला आठव्या राउंडमध्ये पाडलं. १९७७ मध्ये त्याने बॉक्सिंग सोडलं आणि दहा वर्षांनी परतला तेव्हा वजन १२० किलोच्या घरात. लोक हसले. १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवून तो पुन्हा जगज्जेता झाला. सगळे तो शेवटचा ठोसाच सांगतात. मला मधली सात वर्षं मोठी वाटतात. फारसं नाव नसलेल्या बॉक्सरांशी तो लढत राहिला, १९९१ मध्ये होलीफिल्डकडून गुणांवर हरला, तरी बारा राउंड उभा राहिला. तरुणपणी सुरुवातीलाच सगळी ताकद उधळणारा हा माणूस दम पुरवून वापरायला शिकला. मूररविरुद्ध गुणांवर मागे असतानाही त्याने घाई केली नाही.

तू बॉक्सर शुगर रे लेनर्डचं नाव घेतलंस. जवळपास तीन वर्षं न लढता त्याने १९८७ मध्ये हॅगलरला हरवलं, हे खरं. पण हाच लेनर्ड १९९७ मध्ये, चाळीस वर्षांचा असताना, पुन्हा परतला आणि कमाचोने त्याला पाचव्या राउंडमध्येच थांबवलं. हॅगलरला हरवलेल्या त्या एका रात्रीवर आपला बेत आखायचा नाही.

मला खरी काळजी तुझ्या वजनाची आहे. आज तू ५८ किलो आहेस आणि तीन महिन्यांत ५१ वर यायचं म्हणतेस. येशीलही, जिद्दी आहेस. १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध उतरलेला अली असाच सडपातळ होऊन आला होता. बघणाऱ्यांना वाटलं, जुना अली परत आला. पण थायरॉइडच्या गोळ्यांनी आणि घटवलेल्या वजनाने त्याच्या अंगात काही उरलेलंच नव्हतं. दहाव्या राउंडनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. याउलट मेरी कोमला लंडनमध्ये २०१२ साली तिच्या नेहमीच्या वजनगटापेक्षा वर, ५१ किलोत खेळावं लागलं. तिथे तिने कांस्य मिळवलं. जुळ्या मुलांनंतर परतून २००८ मध्ये निंगबोला जगज्जेतेपद जिंकलेली बाई आहे ती. तू ५४ मध्ये उतर. घाईने काढलेलं वजन पहिल्यांदा पायांतून जातं, आणि तुझं सगळं बॉक्सिंग पायांवर उभं होतं.

ठोसा सहसा टिकतो, तीन वर्षांनीही बॅगवर तुझा उजवा हात तसाच वाजेल. त्याने फसू नकोस. बॅग उलट मारत नाही. समोरची मुलगी हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, टाकते तेव्हा तो तुला दिसेल, काय करायचं तेही आठवेल, पण मान उशिरा हलेल. तो उशीर भरून निघायला महिने लागतात, आणि तोवर जोरात स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) केलंस तर मार थेट डोक्याला बसेल. म्हणून सुरुवातीला शॅडो (हवेतले ठोसे), पॅड्स (मी हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे) आणि हलक्या हाताने ठरवून केलेला बचाव, एवढंच. सातपूरला तुझी रात्रपाळी असेल त्या आठवड्यात स्पारिंग अजिबात नाही. झोप नसलेल्या डोक्यावर मी कुणाला ठोसा मारू देणार नाही.

यंदाची राज्य स्पर्धा सोडून दे. हे वाचून चिडशील, चिड. आधी छोट्या, जिल्ह्यातल्या बाउट्स खेळ, त्यातली एखादी हरलीस तरी चालेल. तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडमध्ये तिसऱ्यालाही तुझा गार्ड वर राहतो का, एवढंच मी बघणार आहे. वर्षभराने तो राहत नसेल तर मी तुला तोंडावर सांगेन, आणि तेव्हा वाद घालायचा नाही, हे आजच कबूल कर. कॉर्नरमधून टॉवेल टाकायचा निर्णयही माझाच राहील.

चोवीस हे काही वय नव्हे. माझ्याकडे आलेल्या मुलींमध्ये समोरचीचं अंतर ओळखणारा डोळा तुझ्यासारखा मी दुसरा पाहिला नाही, आणि तो वाया जाऊ नये असं मला फार वाटतं.

घरी अजून सांगितलेलं नाहीस असं कळलं. आधी आईशी बोल. मग सोमवारी पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर ये. ग्लोव्ह्ज नकोत, स्किपिंगची दोरी आण आणि खांद्याचे सगळे रिपोर्ट घेऊन ये, जुने एमआरआयसुद्धा. ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आपण एकही पॅड धरणार नाही.

तुझे,
सर