उघड्यावरची थंडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचा गट दर हिवाळ्यात रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटतो. आठवड्याभराने त्याच जागी जावं, तर निम्म्या लोकांकडे ब्लँकेट दिसत नाही. विकून टाकत असतील का?

एखाददुसरा विकतही असेल. पण बहुतेक ब्लँकेटं भिजून वाया जातात किंवा दिवसा ठेवायला जागा नसते म्हणून टाकून द्यावी लागतात. चोरीही होते. कापसाची जाड रजई एकदा चिंब झाली की उघड्यावर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या रजईचं ओझं पाठीवर घेऊन कोणी फिरत नाही. त्यामुळे पांघरूण द्यायचंच असेल तर लोकरीचं किंवा फ्लीसचं द्या. पाणी निथळल्यावरही त्यात थोडी ऊब राहते, आणि फ्लीस तर लवकर वाळतंही. सोबत गुंडाळी बांधायला पट्टा आणि आत घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी द्या.

खरा घोळ मात्र वेगळाच आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगातली बरीच ऊब खालून, जमिनीत जाते. ब्लँकेट ऊब धरतं ते धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. तेच अंगाखाली घेतलं की वजनाने दबतं, हवा निघून जाते आणि फरशीचा गारठा थेट पाठीला भिडतो. म्हणून एकाला दोन ब्लँकेटं देण्यापेक्षा एक ब्लँकेट आणि एक फोमची चटई द्या. बंद छिद्रांची, पाणी न शोषणारी, 8 ते 10 मिलिमीटर जाडीची चटई पुरते. हवा भरायची गादी देऊ नका. ती पंक्चर होते, आणि साध्या पोकळ गादीतली हवा आतल्या आत फिरून गारठा वर आणते.

चटई नसेल तर खोक्यांचा पुठ्ठा उत्तम. खोकी उलगडून तीन-चार थर अंथरायचे, सगळ्यात खाली प्लॅस्टिकचा कागद. प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळायचं नाही. घाम आतच जिरतो आणि पहाटे माणूस ओला होऊन कुडकुडतो. पुठ्ठा दमट झाला की बदलायचा, म्हणून एकदा देऊन भागत नाही.

प्रश्न : घरातले जुने गरम कपडे द्यायचे आहेत. कसे द्यावेत?

धुऊन, पूर्ण वाळवून आणि निवडून. वाटप करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ गाठोडी सोडण्यात जातो. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे कपडे वेगळ्या पिशव्यांत भरा आणि माप बाहेरून चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहा. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा, नाहीतर गर्दीत एकेक बूट उरतो. चेन लागत नसेल तर जॅकेट देण्याआधी दुरुस्त करा. उघड्या जॅकेटाने वारा अडत नाही.

पायमोजे आणि आतले कपडे नवेच द्या. मोज्यांची गरज सगळ्यात मोठी असते आणि दानाच्या ढिगात तेच नसतात. तासन्‌तास ओल्या मोज्यांत राहिलेला पाय बर्फ न पडताही बिघडतो. 10-15 अंशांच्या हवेतही तो आधी बधिर, पांढरट होतो, मग सुजतो आणि ठणकतो. एका माणसामागे तीन जोड धरा : एक पायात, एक वाळत, एक झोपताना घालायला, हवाबंद पिशवीत कोरडा ठेवलेला. मोजे लोकरमिश्रित किंवा कृत्रिम धाग्याचे हवेत. बूट देताना अर्धं-एक माप मोठे पाहा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय आणखीच गार पडतो.

उवा आणि ढेकणांचाही विचार करा. अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात. 60 अंशांच्या पाण्यात धुतलं की मरतात. धुता न येणारा कपडा दोन आठवडे पिशवीत घट्ट बांधून ठेवला तरी काम होतं. ढेकूण तसे मरत नाहीत, ते उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात. त्यांना उष्णताच लागते : ड्रायर सर्वांत गरम ठेवून निदान अर्धा तास.

प्रश्न : चकाकणारी पातळ चादर मिळते, ती घाऊक घ्यावी का?

तातडीच्या पिशवीत ठेवायला घ्या, रोजच्या पांघरुणासाठी नको. ही म्हणजे ॲल्युमिनियमचा लेप दिलेली प्लॅस्टिकची फिल्म. अंगातून बाहेर फेकली जाणारी उष्णता ती परत वळवते आणि वारा अडवते, पण जमिनीचा गारठा अडवत नाही. घामाची वाफ आतच साचते, रात्रभर कुरकुर आवाज येतो आणि दोन रात्रींत फाटते. वापरायचीच तर कपडे आणि ब्लँकेट यांच्या वरून, सैलसर.

प्रश्न : स्लीपिंग बॅग निवडताना कोणता आकडा पाहायचा?

लेबलवर बहुधा दोन-तीन तापमानं असतात. तीन असतील तर सर्वांत कमी आकड्याला भुलू नका. तो जेमतेम जीव वाचण्याचा, झोप लागण्याचा नव्हे. ‘कम्फर्ट’ लिहिलेला आकडा धरा, आणि तोही तुमच्याकडच्या किमान तापमानापेक्षा पाच-एक अंश खालचा. कारण ती चाचणी चटईवर, अंगात कपडे घालून केलेली असते आणि थकलेलं, अर्धपोटी शरीर तेवढी ऊब तयार करत नाही. पिसांची बॅग हलकी असते खरी, पण भिजली की गोळा होऊन बसते. कृत्रिम भरणाचीच घ्या, गडद रंगाची. भडक रंग लांबून नजरेत भरतो, आणि उघड्यावर झोपणाऱ्याला ते नको असतं.

प्रश्न : रात्री एखादा माणूस अडखळत बोलताना, झोकांड्या खाताना दिसतो. प्यायलेला आहे की थंडीने असं होतंय, हे कसं ओळखायचं?

लांबून ओळखता येत नाही, आणि इथेच माणसं दगावतात. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. आधी जोराची हुडहुडी भरते. 32 अंशांच्या आसपास ती थांबू लागते, आणि पाहणाऱ्याला वाटतं, ‘बरं वाटतंय आता.’ प्रत्यक्षात शरीराने हात टेकलेले असतात. बोलणं जड होतं, बटणं लावता येत नाहीत, उत्तरं असंबद्ध येतात. काही जण शेवटी अंगावरचे कपडेही काढू लागतात. त्यात दारू असली तर आणखी वाईट. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्याने बाहेर पडते. म्हणून ‘पिऊन पडलाय’ म्हणून सोडून जाऊ नका. जवळ जा, हाक मारा. नाव, जागा, वार विचारा. पोटावरची किंवा मानेची कातडी हाताला गार लागते का पाहा.

शंका आली की आधी रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत वाऱ्यातून आडोशाला घ्या, पण हळू. गार पडलेलं हृदय नुसत्या हिसक्यानेही बिघडू शकतं. खाली पुठ्ठा किंवा चटई सरकवा. ओले कपडे काढा, गरज पडल्यास कापा, आणि कोरड्यात गुंडाळा. डोकं आणि मान झाका. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा, उघड्या कातडीवर नको. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका. श्वास चालतोय का, यावर नजर ठेवा.

प्रश्न : काही जण ताडपत्रीच्या आत निखारे ठेवून झोपतात. एक बाजू उघडी ठेवली तर चालेल ना?

नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ हा समज निखाऱ्यांच्या बाबतीत जिवावर बेततो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं जागेपणी कळतात. झोपलेल्याला जागच येत नाही. फट ठेवली तरी वारा पडला की वायू साचतो. नुसतं ‘करू नका’ सांगून कोणी ऐकणार नाही, पर्याय द्या : झाकण घट्ट बसणारी गरम पाण्याची बाटली, मोज्यात घालून. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांना ती पायांशी देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

प्रश्न : निवाऱ्यात जागा असूनही काही जण जायला तयार नसतात. हट्टीपणा का?

विचारून पाहा, कारणं निघतात. कुत्र्याला आत घेत नाहीत, जोडप्याला वेगळं झोपवतात, सामान ठेवायला कुलूप नाही, आधी तिथे मारहाण झाली होती, पहाटे काढून देतात. यातलं एखादं सोडवता येतं. कुत्र्याची रात्रीपुरती सोय किंवा सामानाला कुलपाची पेटी, एवढ्यावरही माणूस आत जातो. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. पायांच्या बाजूला, दोन पावलांवरून हाक मारा आणि खाली बसून बोला. दोघांनी जा, फोटो काढू नका.

प्रश्न : वस्तू द्याव्यात की पैसे?

नीट काम करणारी संस्था जवळ असेल तर पैसे, आणि ते थंडीआधी. त्यांना घाऊक भावात नेमक्या मापाची वस्तू घेता येते. शिवाय रात्रपाळीचा पगार, धुलाई, गाडीचं इंधन हे खर्च कोणीच वस्तूंच्या रूपात देत नाही. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून यादी मागवा. तुमच्या हातचं मनुष्यबळही उपयोगी पडतं : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ओले मोजे गोळा करून कोरडे वाटायला जा.