सिद्दी लोक स्वतःला आफ्रिकन समजतात की भारतीय? त्यांना आपल्या आफ्रिकन मुळांचा अभिमान वाटतो का?

न्यू जर्सीत ढोलताशा पथक काढणाऱ्या काकांना कुणी विचारत नाही की बाबा तुम्ही मराठी का अमेरिकन, त्यांना दोन्ही चालतं आणि आपण इथे बसून व्हिडिओला लाईक ठोकतो. आम्हाला मात्र दोन्हीतलं एक निवडायला लावतात. मी सिद्दी आहे, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशातली, कर्नाटकातल्या हल्याळ तालुक्यातली, कारवार (उत्तर कन्नड) जिल्हा, घरात कोकणी-मराठी मिसळलेली आमची बोली, शाळा मराठी, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये कामाला. हे सगळं सांगितल्यावरसुद्धा "हो, पण मूळच्या कुठल्या?" हा पुढचा प्रश्न येतोच. एका घरमालकाने तर आधारकार्ड हातात धरून पासपोर्ट मागितला होता.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: भारतीय. आणि अभिमान काहींना आहे, काहींना लाज आहे, बाकीच्यांना रानातली कामं आणि मजुरी यातून विचार करायला वेळ नाही. माझ्या आजीला आफ्रिका नकाशात दाखवता आली नसती. तिला एवढंच माहीत होतं की आपले लोक गोव्यात पोर्तुगीजांचे गुलाम होते, तिथून पळाले आणि घाट चढून या रानात लपले. तेवढं ती कुणालाही मान ताठ ठेवून सांगायची, त्यात लाजण्यासारखं काय आहे, पळून आलो म्हणजे हिंमत होती.

बाहेरचे लोक आमच्यासाठी जो अभिमान तयार करून देतात त्याचा मात्र मला राग आहे. तो दोन प्रकारचा. एक म्हणजे मलिक अंबर. कुणी जरा वाचलेला माणूस भेटला की लगेच "अरे वा, म्हणजे तुम्ही मलिक अंबरचे वंशज!" मलिक अंबर मोठा माणूस, प्रश्नच नाही. इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० ला खडकी वसवली जिचं पुढे औरंगाबाद झालं, नहर बांधली, १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम पाणी पाजलं. खुलदाबादला त्याची कबर आहे, मी जाऊन आलेय. पण तो हबशी, इथिओपियाकडचा. आमच्याकडचे बरेचसे मोझांबिकच्या बाजूने पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेले. २०११ मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सिद्दींची जनुकं तपासली त्यातही पूर्व आफ्रिकेतल्या बांटू लोकांशी नातं निघालं. काळा रंग म्हटला की सगळे एकाच घरातले धरायचे ही सवय आधी सोडा.

आणि मलिक अंबर आठवणारे हेच लोक शाळेत मला सिद्दी जौहर म्हणायचे. चौथीच्या इतिहासात पन्हाळ्याचा वेढा आला की सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघणार हे ठरलेलं, जसं काही १६६० ला महाराजांना मीच अडकवून ठेवलं होतं. बाईंनी कधी सांगितलं नाही की त्याच वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने होता, नेताजी पालकरांबरोबर वेढा फोडायला तो गेला होता आणि त्याच्या मुलाला, सिद्दी वाहवाहला, जखमी करून शत्रूने धरून नेलं. दोन्हीकडे सिद्दी होते, जसे दोन्हीकडे मराठे होते. हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं आणि त्या दिवशी चौथीच्या त्या बाईंना फोन करून सांगावंसं वाटलं होतं. असो.

दुसरा प्रकार म्हणजे पानांचा घागरा. यावरून माझं आणि माझ्या चुलत भावाचं भांडण आहे आणि खरं सांगायचं तर हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला घेतलंय.

मागे ऑफिसच्या ग्रुपबरोबर दांडेलीला गेले होते. काळी नदीत राफ्टिंग, जंगल सफारी, रात्री शेकोटी आणि चिकन, पुण्या-बेळगावचे लोक जातात तसंच. आमचं गाव तिथून जवळ, म्हणून मी उगाच यजमानीण असल्यासारखी मिरवत होते. जेवणाआधी मॅनेजरने माईक घेतला आणि हिंदीत सुरू झाला, "अब आपके सामने, सीधे आफ्रिका के जंगल से!" आणि झाडीतून हू हू करत जी पोरं बाहेर आली त्यातली निम्मी माझ्या ओळखीची. कमरेला सुतळीत ओवलेली सागाची पानं, तोंडावर पांढऱ्या पोस्टर कलरचे पट्टे. दमाम, म्हणजे आमचा ढोल, वाजवायला माझा चुलत भाऊ, ज्याला मी जन्मापासून दादा म्हणते. त्याच्या मनगटावर स्मार्टवॉच होतं, ते झाकायला वरून केळीच्या सोपाची पट्टी बांधली होती आणि प्रत्येक थापेला ती पट्टी सरकत होती, मला दुसरं काही दिसेचना.

आणि गाणं कुठलं, तर आमच्या बायका लग्नात फुगडी घालताना म्हणतात ते. चक्क कोकणी. माझ्या शेजारी बसलेली कुडाळची एक जण कान देऊन ऐकत होती, ती मोठ्याने म्हणाली, "अगो, हे तर सासूच्या नावाने बोटं मोडतायत!" बाकी सगळे मोबाईल वर धरून आफ्रिका शूट करत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही पण तिकडचीच, आणि "जा ना तू पण नाच ना, तुझ्या रक्तात असेल" असं सुरू झालं. मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दमाम वाजवतोय तो माझा दादा आहे, आफ्रिकेच्या जंगलातून आलेला नाही, हल्याळच्या बसने आलाय. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं.

नंतर स्वयंपाकघराच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी आमची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. त्याचं म्हणणं असं, "शर्ट-पँट घालून वाजवलं तर मॅनेजर निम्मे पैसे देतो. पानं घातली की पूर्ण. लोकांना पानं बघायची आहेत तर बघू देत की, माझं काय जातंय?" मी म्हटलं आपल्या आजोबांनी कधी पानं घातली होती का, ते धोतर नेसायचे, आजी लुगडं नेसायची, हे पानांचं सोंग तुम्ही यूट्यूबवर बघून आणलंत. यावर तो म्हणाला, "आणि तू पुण्यात केस सरळ करून बसलीस ते कुठनं आणलंस?"

केसांचा इथे काहीही संबंध नाही. लॅबमध्ये टोपीखाली केस बसवावे लागतात, आणि माझे कुरळे केस लोकल बसमध्ये अनोळखी बायका न विचारता हात लावून बघायच्या, "खरे आहेत का गं?" म्हणून, त्याला मी कंटाळले होते. पानं घालून पैसे घेणं वेगळं आणि केस सरळ करणं वेगळं. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, त्याला पटलेलं नाही.

त्याचा दुसरा मुद्दा असा की इथे कुणी आपल्याला आपलं म्हणत नाही, तिकडे आफ्रिकेत गेलो तर तिथले लोक तरी म्हणतील, अमेरिकेतले काळे लोक बघ कसे आफ्रिकेचं नाव अभिमानाने घेतात. इथे मी त्याला नाशिकची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते कारण नाशिककरांनाही ती माहीत नसते. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवायचं. त्यातल्या बऱ्याच मुलांना मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला ठेवलं, शाळा, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध इंग्रज मिशनरी लिव्हिंगस्टन १८७३ ला तिथेच वारला तेव्हा त्याच्या काळजाचं दफन करताना प्रार्थना वाचली ती ह्याने, आणि दुसऱ्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या अंत्ययात्रेत हा शवपेटीबरोबर होता. नाशिकला शिकलेला पोरगा! पुढे १८७४-७५ च्या सुमारास शरणपूरच्या बऱ्याच लोकांना मोंबासाजवळ नेऊन वसवलं, त्या वस्तीला मुंबईच्या माजी गव्हर्नरचं नाव, फ्रिअर टाउन. म्हणजे हे लोक खरंच आफ्रिकेत परत गेले. आणि तिथे त्यांना काय नाव पडलं? बॉम्बे आफ्रिकन्स. कपडे वेगळे, बोलणं वेगळं, तिथल्या लोकांना ते मुंबईचे वाटायचे. इथे आफ्रिकेचे आणि तिथे मुंबईचे.

दादा म्हणाला, "म्हणजे कुठेच गेलं तरी तेच, मग पानं घातली तर काय बिघडलं?" त्याच्याशी वाद घालणं म्हणजे डोकेफोड.

अमेरिकेतल्या लोकांचं बोलायचं तर त्यांच्याकडून मुद्दाम सगळं हिसकावलं, नाव, भाषा, देव, म्हणून त्यांना अख्खा खंड आपला म्हणावा लागतो आणि तो त्यांनी छातीवर लावला, मला त्याचं कौतुक आहे. आमच्याकडे काही गोष्टी राहिल्या आहेत, फक्त त्या शोकेसमध्ये शोभत नाहीत. दमाम राहिला. कवंदी राहिली. कवंदी म्हणजे आमची गोधडी, पण आजी ती कडेपासून शिवायला घ्यायची, गोल गोल आत येत मधे संपवायची, जुन्या साड्या, शर्टाचे तुकडे, काही फेकायचं नाही, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावायची. फुलं नसलेली कवंदी उघडी दिसते म्हणायची, पाहुण्याला द्यायची नाही. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान, तिन्ही प्रकारचे सिद्दी आमच्याकडे आहेत आणि कवंदी तिघांच्या घरात आहे. आता यात आफ्रिका किती आणि कर्नाटक किती हे अभ्यासकांनी बघावं, थंडीत ऊब तीच लागते.

शिवाय जे आत्ता मिळवलंय त्याचाही अभिमान असतो की नाही? २००३ ला आमच्या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०२० ला शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले, असा आमचा पहिला माणूस. गुजरातच्या हिराबाई लोबींना २०२३ ला पद्मश्री मिळाली. पण लोकांना आम्ही एक तर धावताना आवडतो नाही तर नाचताना.

दोन गोष्टी स्पष्ट करते, नाहीतर कमेंटमध्ये मारामारी होईल. गुजरातच्या सिद्दींचं धमाल, म्हणजे त्यांचा नाच, मी यात धरत नाही. ते त्यांचे पीर बावा गोर यांच्या दर्ग्याशी जोडलेलं आहे, त्यांची मोरपिसं त्यांच्या भक्तीची आहेत, त्यावर मी बोलणार नाही. आणि दादाबद्दल वाईट मत करून घेऊ नका. त्याच्या पार्टीवर चार-पाच घरं चालतात, काकूच्या घरावर पत्रे आले ते याच पैशातून, आणि मी पुण्यातून किती पाठवते ते न विचारलेलं बरं. म्हणजे पोटासाठी तो बरोबर आहे. फक्त "सीधे आफ्रिका से" म्हटल्यावर तो खाली मान घालून वाजवतो तेव्हा मला सहन होत नाही.

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड कुठेही या. लोकांना आधी त्यांचं गाव विचारा, खंड नंतर. कवंदी आवडली तर घासाघीस न करता घ्या, बाई महिनोन्महिने ती शिवते. रिसॉर्टवर गेलात तर पानं उतरवून वाजवायला सांगा आणि पैसे तेवढेच द्या, तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुमचं ऐकतील.

आणि दादा, लिंक तुला पाठवणारच आहे मी. दमाम तोच ठेव, गाणं तेच ठेव, पानं काढ. मॅनेजर पैसे कापतो म्हणाला तर त्याचा नंबर मला दे, मी बोलते.