पट्टा बांधल्यापासून जास्तच आखडलाय

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा मुलगा २८ वर्षांचा. दोन वर्षं कंबर धरून आहे. पहाटे चारला दुखण्यानं जाग येते, मग गॅलरीत फेऱ्या मारतो. सकाळी मोजे घालायला वाकता येत नाही, पण राजवाड्यापर्यंत चालत जाऊन पोहे घेऊन आला की मोकळा होतो. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, निघाली. पट्टा आणि महिनाभर आराम सांगितला, तर आणखीच आखडला. गेल्या पावसाळ्यात एक डोळा लालभडक झाला होता, उजेड सोसेना. आता कोणी ऑपरेशन म्हणतं. करावं का?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, ऑपरेशन तूर्त राहू द्या. मला खरी खूण सापडली ती तुमच्या पोह्यांच्या वाक्यात.

गादी सरकल्याचं दुखणं बहुधा आडवं पडलं की उतरतं. तुमच्या मुलाचं पडून वाढतं, हिंडून कमी होतं. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, पहाटे उठवणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडून ठेवणारं दुखणं असलं की मला आधी अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे मणक्याच्या संधिवाताचा संशय येतो. डोळ्याची ती सूजही याच आजाराच्या सोबतीनं येते. बल्जचं मनावर घेऊ नका. काही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त जणांत ती दिसते.

मीही सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण बसड्रायव्हरला सहा महिने पट्टा बांधायला लावला होता. तो बिचारा इमानेइतबारे बांधत राहिला. तेव्हापासून कंबर दुखते म्हणणाऱ्या तरुणाच्या पाठीवर मी बॉलपेननं दोन रेघा मारतो : एक कमरेच्या दोन खळ्यांच्या मधोमध, दुसरी तिच्या वर १० सेंटीमीटरवर. मग गुडघे न वाकवता ओणवं व्हायला सांगून टेप लावतो. अंतर १५ च्या आसपास जायला हवं. त्या ड्रायव्हरचं नंतर मोजलं तेव्हा १२ भरलं होतं.

मुलाला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे न्या. त्या खळ्यांखालच्या, मणका कमरेच्या हाडाला जोडणाऱ्या एसआय सांध्यांचा वेगळा एमआरआय लागेल; कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ते नीट येत नाहीत. साध्या एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं जातात. एचएलए-बी-२७ या जीनची रक्ततपासणीही होईल. ती पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच रडायला बसू नका, तो जीन असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

उपचारात पहिल्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. त्या पोट आणि किडनीवर लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या सांगण्यानंच घ्यायच्या, मेडिकलवाल्याला विचारून नाही. त्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज पेटवणारे शरीरातले घटक रोखणारी, इंजेक्शनं आहेत. महाग असतात, आणि ती देण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. व्यायाम मात्र रोजचा, जन्मभराचा. पोहता येत असेल तर फारच छान. सिगारेट ओढत असेल तर बंद.

लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पट्टा काढून ठेवा. आणि डोळ्याच्या डॉक्टरांची ती जुनी चिठ्ठी घरात सापडते का बघा, सोबत न्यायची आहे.