नवऱ्याची दारू सोडवायला मंगळसूत्र मोडू का?

नवऱ्याची दारू सोडवायची तर किती खर्च येतो, हा प्रश्न माझ्यासमोर बसलेली बाई बहुधा नवऱ्याबद्दल काही सांगायच्या आधीच विचारते. वैशालीने (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) सरळच विचारलं, “मॅडम, मंगळसूत्र मोडलं तर भागेल का?”

ती भांडुपच्या चाळीत राहते, मुलुंडला चार घरी पोळ्या करते. नवरा एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर. आधी कामावरून येताना एक क्वार्टर, मग रात्री दुसरी, आणि गेलं वर्षभर सकाळीसुद्धा. घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कप हातात धरता येत नाही, बशीत सांडतो. तिने पर्समधून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक रंगीत पत्रक होतं: महिन्याला ३५ हजार, किमान तीन महिने, पेशंट येत नसेल तर गाडी पाठवून घरून उचलून नेऊ. दुसरी एक पुडी, भाजीत कालवायची, नवऱ्याला न सांगता.

पुडीबद्दल आधी बोलले, कारण ती घरात होती. अशा पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. दारूची किळस आणणारं डायसल्फिराम नावाचं औषध खरंच असतं, पण ते माणसाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावूही शकतो. ज्याला औषध दिल्याचं माहीतच नाही तो संध्याकाळी पिणारच. वैशालीने पुडी माझ्याकडेच टाकली.

मग मी विचारलं, “त्यांनी कधी स्वतःहून सोडून बघितली होती का?”

“गेल्या गणपतीत. गणपती बसला त्या दिवसापासून शिवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी एकदम ताठ झाले, तोंडाला फेस आला. शेजारच्या काकूंनी कांदा लावला नाकाला. कोणी म्हणालं, अंगात आलं. संध्याकाळी परत प्यायले आणि बरे झाले, म्हणून आम्ही पण मग काही बोललो नाही.”

ती दारू तोडल्याने आलेली फिट होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर पहिल्या एक-दोन दिवसांत अशी फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, असंबद्ध बडबड, ताप, असा भ्रमही होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. श्रावण पाळणारे कितीतरी जण काही त्रास न होता महिनाभर थांबतात, म्हणून घरच्यांना वाटतं, याने मनावर घेतलं तर होईल. पण ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि ज्याला एकदा फिट येऊन गेली आहे, त्याला घरात कोंडून दारू सोडवू नये. त्याला आधी हॉस्पिटल हवं.

आणि ते हॉस्पिटल मुंबईत जवळपास फुकट आहे. केईएम, नायर, सायन ही पालिकेची मोठी रुग्णालयं आणि सरकारी जेजे, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे आणि व्यसनाचे उपचार तिथेच होतात. केसपेपरचे किरकोळ पैसे लागतात. ओपीडीला सकाळी लवकर जावं, रांग लावायची तयारी ठेवावी. वैशालीच्या नवऱ्याचा पगारातून ईएसआयसी कापला जात होता, म्हणजे कामगार विम्याची वाटही होती. कार्ड कपाटात पडलं होतं, कोणी वापरलंच नव्हतं. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, मोफत.

पत्रकातल्या गाडीचं तिला फार आकर्षण वाटत होतं, आणि मला ते समजतं. रोज रात्री भांडणाऱ्या बाईला वाटणारच, कोणीतरी यावं आणि घेऊन जावं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाचे आजारही येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर नोंदणी असलेलं केंद्र लागतं, मानसोपचारतज्ज्ञांनी तपासावं लागतं, आणि साखळीने बांधणं सरळ बेकायदा आहे. केंद्राला विचारायचे प्रश्न मी तिला वहीत लिहून दिले. नोंदणी आहे का? रात्री फिट आली तर डॉक्टर कोण? घरच्यांना भेटू देतात का? फोनवर तिला एकाचंही धड उत्तर मिळालं नाही.

राहून उपचार घ्यायची गरज काहींना पडतेच. पुण्याला येरवड्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. परिस्थिती मोकळेपणी सांगून सवलतीबद्दल विचारावं, लाजू नये. पण दागिने मोडायच्या आधी ओपीडी, हे माझं ठाम मत आहे.

आता नवऱ्याला न्यायचं कसं? “मानसोपचार म्हटलं की ते म्हणणार, मी काय वेडा आहे?” हे तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. प्यायलेल्या माणसाशी या विषयावर बोलायचं नाही, आणि दारूवर बोलायचं नाही, हातांवर बोलायचं. रविवारी सकाळी, सासूबाई आणि मुलं समोर नसताना ती म्हणाली, “तुमचे हात थरथरतात, मला गणपतीतलं आठवून भीती वाटते. मी केसपेपर काढते, तुम्ही फक्त चला.” तो त्या आठवड्यात आला नाही. पण वर्कशॉपमध्ये ‘यांना ताप आहे’ असा फोन करायचं तिने याच काळात बंद केलं. मालक स्वतः त्याच्याशी बोलले. पुढच्या सोमवारी तो तिच्याबरोबर स्लो लोकलने परळला उतरला आणि केईएमला गेला.

फिटचा इतिहास ऐकून डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. थरथर आणि फिट टाळणारी औषधं हळूहळू कमी करत नेली, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. घरी आल्यावर ओढ कमी करणारी गोळी आणि ठरल्या तारखांना ओपीडी. शनिवारी तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या मराठी मीटिंगला जातो. तिथे फी नसते, टोपलीत स्वखुशीने टाकायचं. वैशाली घरच्यांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाते, आणि ती तो तयार व्हायच्या आधीपासून जात होती. नवरा ‘नाही’ म्हणत असेल तरी बायकोने आपल्यापुरती मदत घ्यायला थांबू नये, हे मी प्रत्येकीला सांगते. घरात मारहाण होत असेल तर ते आधी. महिलांसाठी १८१ आहे.

मे महिन्यात पुतणीच्या हळदीला तो प्यायला. वैशाली रडत आली, सगळं पाण्यात गेलं म्हणाली. स्लिप होते, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा तोंडाला लागते, आणि या आजारात ती होतेच बऱ्याचदा. दुसऱ्या दिवशी त्याच केसपेपरवर ती त्याला घेऊन गेली, डॉक्टरांनी गोळी बदलली. तीन महिन्यांचे लाखभर रुपये भरून तो घरी आला असता आणि हळदीला प्यायला असता, तर तिने पुन्हा भरायला काय मोडलं असतं?

त्याच्या पगाराचं एटीएम कार्ड पहिल्या दिवसापासून तिच्याकडे आहे. गेल्या भेटीत तिने विचारलं, ते परत देऊ का? मी म्हटलं, त्यांनाच विचारा. तिने विचारलं. तो म्हणाला, दिवाळीचा बोनस होऊन जाऊ दे, मग बघू.