वाचक विचारतात: गाडी सकाळी उठायला का तयार नसते?

प्रश्न: माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली गाडी आहे, हाताने ओढायचा चोक. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही, पण सकाळी पहिल्यांदा चालू करायची म्हणजे नुसता वैताग. किती वेळ सेल्फ मारावा लागतो, मग एकदाची उठते, अख्खी गाडी थरथरते आणि पाय काढला की बंद. प्लग नवीन टाकले, ट्युनिंग करून घेतलं, आता मेकॅनिक म्हणतोय की कार्बोरेटरच बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान आत्ता तरी नको. गरम झाल्यावर गाडी दिवसभर नीट पळते हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य बारीक छिद्र), फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), पेट्रोलचा पुरवठा हे सगळं बऱ्यापैकी ठीक असणार. बिघाड आहे तो फक्त थंड इंजिनासाठी जी वेगळी सोय केलेली असते तिच्यात, किंवा अशा कुठल्यातरी कमजोरीत जी गरम झाल्यावर झाकली जाते. आणि ट्युनिंग तर गरम इंजिनावरच होतं, त्यामुळे ते करून सकाळचं दुखणं जाईल अशी अपेक्षाच चुकीची. उलट बरेच जण करतात काय, तर सकाळी उठत नाही म्हणून मिक्स्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून ठेवतात, मग गाडी दिवसभर जास्त पेट्रोल पिते, प्लग काळे होतात आणि काळ्या प्लगमुळे सकाळचा त्रास अजून वाढतो.

आधी थोडं कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. गरम इंजिनाला साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल (वजनाने) पुरतं, पण जळते ती पेट्रोलची वाफ, आणि थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होतच नाही. बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलेंडरपर्यंतच्या नळीच्या) थंड भिंतीला चिकटून बसतं, सिलेंडरपर्यंत पोचतं ते अगदी थोडं. म्हणून सुरुवातीला मुद्दाम कितीतरी जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आणि ते काम चोकचं. चोकची पाती बंद झाली की हवा अडते, खाली व्हॅक्यूम वाढतो आणि जेटमधून पेट्रोल जोरात ओढलं जातं.

आता तपासणी. ही सकाळीच करायची, गाडी रात्रभर उभी असताना, एकदाही सेल्फ मारायच्या आधी. एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी आत बसवून चोकचा नॉब पूर्ण ओढायला सांगा. वरून बघा, पाती पूर्ण बंद होते का? नॉब पूर्ण बाहेर आला म्हणजे पाती बंद झाली असं अजिबात नाही. जुनी केबल आतून ताणलेली असते, तिचं बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकतं, आणि मग नॉब हातात येतो पण पाती अर्धीच फिरते. या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट हीच, आणि दुरुस्ती काय तर केबलचा स्क्रू सैल करून पाती बोटाने बंद धरायची आणि पुन्हा आवळायचा. आवळून झालं की नॉब आत ढकलून पाती पूर्ण उघडते का तेही बघा, नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं आणाल. पातीचा दांडा काजळीने जाम असेल तर कार्ब क्लीनर मारून मोकळा करा, तेल नको लावू, तेलावर धूळ बसते.

तिथेच उभे आहात तर अजून एक बघून घ्या. अॅक्सिलरेटरची दांडी हाताने झटक्यात फिरवा, आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची ठळक धार लगेच पडायला हवी. धार उशिरा आली, नुसते थेंब आले, तर अॅक्सिलरेटर पंपाचा (ही धार मारणाऱ्या कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, फाटलाय किंवा आतली गोळी अडकलीय. काहीच आलं नाही तर बाऊलच (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) कोरडा असू शकतो. गाडी काही दिवस उभी असली की बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं आणि टाकीतून पेट्रोल आणणारा इंजिनावरचा मेकॅनिकल पंप असेल तर सेल्फ मारत राहून तो बाऊल भरेपर्यंत गाडी उठणारच नाही, त्यात बिघाड काही नाही. पण रोज चालवूनही सकाळी बाऊल कोरडा मिळाला तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा पंपाचा वॉल्व्ह पेट्रोल मागे सोडतोय, आणि गळती असेल तर बाकी सगळं ठेवून ती आधी शोधा.

हे दोन्ही ठीक निघालं तर मग गाडी नेमकं काय करते याकडे लक्ष द्या, कारण "सकाळी त्रास देते" यात किमान तीन वेगवेगळे रोग आहेत. अजिबात पकडतच नाही, पकडते पण लगेच मरते, आणि चालू राहते पण थरथरते. पकडतच नाही तर लांब सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, पेट्रोलने ओला असेल तर एकतर स्पार्क नाही किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. ओव्हर झालं असेल तर चोक पूर्ण आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा (पंप मारत बसायचं नाही, नुसता दाबून धरायचा) आणि सेल्फ मारायचा, हवा जाऊन आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं.

पकडते आणि चावी सोडल्या सोडल्या मरते, हे जर अगदी त्याच क्षणी होत असेल तर कार्बोरेटरकडे बघूच नका. पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या, आधी एक रेझिस्टर असतो, सेल्फ मारताना त्याला वगळून कॉइलला बॅटरीचा थेट करंट मिळतो आणि चावी मागे आली की करंट रेझिस्टरमधून जातो. तो तुटलेला असेल तर चावी सोडली की स्पार्क गेला. आणि उलटा प्रकार पण असतो, म्हणजे सेल्फ फिरत असताना काही नाही आणि चावी सोडताना नेमका एक ठोका देते, तिथे ती वगळणारी वायर तुटलेली असते.

बॅटरीचं विसरू नका. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा मीटर 9.6 च्या खाली घसरत असेल तर सेल्फ सगळा करंट खातोय आणि कॉइलला उरत नाही, इंजिन फिरतं पण स्पार्क मरतुकडा. थंडीत बॅटरी कमजोर आणि इंजिन ऑइल घट्ट, दोन्ही एकदम, त्यामुळे दुपारी चालणारी बॅटरी सकाळी मान टाकते. इंजिन ते बॉडी जी अर्थिंगची पट्टी असते तिचे बोल्ट काढून घासून परत लावा. नवीन प्लग टाकलेत म्हणता, पण पॉइंट बघितले का? बहुतेक जुन्या गाड्यांत गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा झाला असेल तर घासत बसू नका, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागाची) कॅप आतून दमट असेल तर कोरड्या कपड्याने पुसा.

राहिली थरथर. पाय काढला की बंद पडते म्हणजे फास्ट आयडल (थंड इंजिनासाठी पाय न लावताही वाढवलेली रेस) लागत नाहीये असं मला वाटतं. चोक ओढल्यावर त्याच जोडणीतून थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी खालची पाती) पण किंचित उघडायला हवा, ती कॅम आणि स्क्रू यांची जोडी झिजलेली किंवा कुणीतरी काढून ठेवलेली असते. ते ठीक असेल तर हवेची गळती शोधा. कार्बोरेटरच्या बुडाची गॅस्केट आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप थंड असताना जास्त गळतात, गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते. साध्या पाण्याच्या स्प्रेने जोडांवर बारीक फवारा मारा (डिस्ट्रिब्युटर वाचवून), रेस बदलली की जागा सापडली. बोल्ट आवळताना जोर दाखवू नका, बूड वाकडं झालं की मग मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं होईल.

प्रश्न: माझा चोक ऑटोमॅटिक आहे. गाडी लगेच चालू होते पण काही सेकंदात काळा धूर सोडून गुदमरते.

उत्तर: लगेच चालू होते म्हणजे पाती बंद होतेय, ती उघडत नाहीये. इंजिन पकडल्यावर छोटा व्हॅक्यूम डायफ्रॅम पाती काही मिलिमीटर ओढून उघडतो, तेवढी फट नसेल तर इंजिन पेट्रोलात बुडतं. त्याचा पाइप काढून तोंडाने ओढून बघा, दांडी आत जाऊन तिथेच थांबली पाहिजे, परत आली तर डायफ्रॅम फाटलाय. फट किती हवी ते मॅन्युअलमध्ये असतं. ते ठीक असून गाडी गरम झाल्यावर पण पाती उभी होत नसेल तर स्प्रिंगच्या डबीला ऊब पोचत नाही, म्हणजे कुठे वीज, कुठे गरम पाणी, कुठे सायलेन्सरकडची गरम हवा, तुमच्या गाडीत जे असेल ते तपासा.

प्रश्न: सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण थोडं अंतर गेल्यावर दम टाकते, बंद पडते. थोडा वेळ थांबलं की काहीच झालं नाही अशी परत चालू. पेट्रोल पंप बदलून झाला.

उत्तर: हवा दमट आणि गार असतानाच होतं का हे? तसं असेल तर कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतोय. गंमत नाही, पेट्रोलची वाफ होताना आणि घशातून हवा जोरात जाताना तिथलं तापमान इतकं पडतं की बाहेर 10 अंश असलं तरी थ्रॉटलच्या पातीवर बर्फ जमतो आणि रस्ता बंद होतो. गाडी थांबली की इंजिनाच्या उबेने तो वितळतो, म्हणून मेकॅनिक येईपर्यंत पुरावा गायब. एअर फिल्टरच्या नळीला एक जाड पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गरम हवा आणतो तो जागेवर आहे का बघा. कित्येक गाड्यांत तो फाटून पडलेला असतो आणि परत लावायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. फिल्टरवर उन्हाळा-हिवाळा अशी खटकी असेल तर ती पण फिरवा.

प्रश्न: रोज सकाळी ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी चालू करतो. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. चाचणी म्हणून एकदा जरा मारून बघा, त्यावर पकडून मेली तर स्पार्क आहे आणि पेट्रोल नाही एवढं कळतं. रोज मारलात तर ईथर लवकर पेट घेतो, इंजिन ठोके देतं, आणि कार्बोरेटरमधून बॅकफायर आला की तुमचं तोंड वरच असतं. स्प्रे मारल्यावर फिल्टरचं झाकण लावूनच सेल्फ मारा. गाडी महिनोन् महिने उभी होती का तेही कळवा, कारण पेट्रोलमधला सहज उडणारा हलका भाग आधी निघून जातो आणि थंड इंजिन उठतं ते त्याच भागावर. तसं असेल तर टाकी रिकामी करा, ताजं भरा, मग बाकीचं बघू.