इलेक्ट्रॉन केंद्रकात जाऊन का पडत नाही?

तुमचा प्रश्न असा: अणूच्या मधोमध असलेल्या केंद्रकावर धन प्रभार, त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार, दोघांत ओढ आहे, मग इलेक्ट्रॉन सरळ जाऊन केंद्रकाला चिकटत का नाही?

मी परभणी जिल्ह्यात शाळेवर विज्ञान शिकवतो. कितीतरी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं, "पृथ्वी सूर्यात पडते का? तसंच हे." लेकरं गप्प बसायची. उत्तर मात्र चूक होतं. गोल फिरणारा प्रभार प्रकाशाच्या रूपात सतत ऊर्जा बाहेर टाकतो. इलेक्ट्रॉन खरंच पृथ्वीसारखा फिरत असता, तर पापणी लवायच्या कितीतरी आधी केंद्रकात कोसळला असता. अर्नेस्ट रदरफोर्ड या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये अणूला केंद्रक असतं असं मांडलं आणि ही अडचण उभी राहिली. १९१३ मध्ये नील्स बोर या शास्त्रज्ञाने सांगितलं की ठरावीक कक्षांत ऊर्जा बाहेर पडत नाही. हायड्रोजनच्या वर्णरेषांचं, म्हणजे तो देतो त्या ठरावीक रंगांच्या प्रकाशाचं, गणित जुळलं, पण 'का'चा पत्ता नव्हता.

तो लागला पुढच्या दशकात. इलेक्ट्रॉन म्हणजे नुसती गोळी नाही, तो लाटेसारखाही वागतो, आणि लाटेला पसरायला जागा लागते. तिला जितकं कोंडाल तितकी तिची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रक आत ओढतं, कोंडल्याची ऊर्जा बाहेर रेटते. दोन्हींचा मेळ बसतो तेवढा अणूचा आकार. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जागीही सापडू शकतो बरं का, पण तिथं अडकून राहत नाही.

आता माप बघा. हायड्रोजनचं केंद्रक जवारीच्या दाण्याएवढं धरलं, तर अणू साधारण बारा एकर रान व्यापेल. मधोमध एक दाणा, बाकी सगळ्या रानावर एकाच इलेक्ट्रॉनचा पसारा. वजन जवळजवळ सगळं त्या दाण्यात, कारण हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. तरी बाहेरच्या जगाशी सगळा व्यवहार त्या हलक्याचाच. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी आतून बाहेर थराथराने २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. सोडियमचा शेवटचा एक क्लोरीनकडे जातो, दोघं विरुद्ध प्रभाराचे होऊन एकमेकांना धरतात, आणि आपल्या ठेच्यातलं मीठ होतं. केंद्रकांना याची खबरही नसते.

केंद्रकाभोवती वर्तुळांवर इलेक्ट्रॉन दाखवायची आकृती मी अजूनही फळ्यावर काढतो. २, ८, १ ही मोजणी तिच्यात बरोबर आहे आणि परीक्षेत तीच विचारतात. वर्तुळं म्हणजे रस्ते नाहीत, एवढं तोंडी सांगतो.

इलेक्ट्रॉनची करामत घरी बघायची असेल तर डिसेंबरात आमच्याकडं या. हवा इतकी कोरडी असते की रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या दिसतात. घासल्यामुळं एका कापडावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर गेलेले असतात. कापडं वेगळी होताना ते हवेतून उडी मारतात. कोकणातला एक पाहुणा हे बघून अंथरुणातून उठून बसला होता.